भाऊकाकाच्या कंदिलाला बाजू किती

आमच्या घरात 'बघू' हा शब्द चालत नसे. माझ्या आतेला त्याचा मनस्वी तिटकारा. करायचं तर करायचं, नाहीतर तोंडावर नाही म्हणून सांगायचं, असा तिचा खाक्या होता. आईच्या तोंडून चुकून 'बघू' गेलं की माजघरातून आवाज यायचा, "बघूक काय ती जत्रा आसा?" आई बिचारी लगेच कामाला लागायची. माझे बाबा तांडेल, म्हणजे शिडाच्या होडीचे म्होरके होते. मचव्यात कौलं नाहीतर जळाऊ लाकडं भरून मुंबईपर्यंत जायचे. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला की जे निघायचे, ते मिरग तोंडावर आला की घरी. मधे एखादी खेप गावावरून गेली तर दोन दिवस दिसायचे, तेवढंच. त्यामुळे वर्षातला बहुतेक काळ घरात आतेचं राज्य. ती बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच कपाळ पांढरं झालं आणि माहेरी परत आली ती कायमची. तिच्या शब्दाबाहेर आमची गायसुद्धा नव्हती. आता माझी सून काही विचारलं की 'बघू हं आई' म्हणते, तेव्हा माझ्याही जिभेच्या टोकावर जत्रा येते. पण गिळते. सुनांवर राज्य करायचे दिवस गेले, आणि बरं झालं गेले.

ते घर मला आधी कानांनी आठवतं, मग नाकाने. रात्रंदिवस दर्याची गाज, ती तर आम्हाला ऐकूही येत नसे, थांबली असती तर दचकलो असतो. ऐकू यायचा तो आतेचा काथ्या कुटण्याचा आवाज. खाडीच्या चिखलात कुजत घातलेली नारळाची सोडणं काढून ती मागीलदारी कुटायची, आणि दुपारभर ओट्यावर बसून सुंभ वळायची. मांडीवर तळहात फिरायचा, बांगड्या नसल्यामुळे दुसरा कसलाच आवाज नाही, नुसती कोरडी फसफस. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबर चुलीत भाजलेला सुका बांगडा नाहीतर मिठातल्या आंब्याची फोड. आते स्वतः मासे सोडून बसलेली, पण आईने बांगड्याचं तिखलं केलं की त्यात तिरफळं कमी पडली का जास्त, हे ओट्यावरून वासावर सांगायची. कधी चुकली नाही. रात्री कुळथाची पिठी आणि भात. आज मी पिठी करते तेव्हा नातू नाक मुरडतो. मुरडू दे, त्याच्या वाट्याची मी खाते.

या घरात आणखी एक माणूस होता, भाऊकाका, बाबांचा सगळ्यात धाकटा भाऊ. तो तान्हा असतानाच त्याची आई गेली, म्हणून आतेनेच त्याला वाढवला. तो बंदरावर होड्यांची डागडुजी करायचा, लग्नाचं नाव काढलं की हसायचा, आणि दिवाळी आठ दिवसांवर आली की कंदील बांधायला बसायचा. आमच्याकडे त्या वेळी विकतचा कंदील कुणी आणत नसे. ज्याच्या त्याच्या घरी बांधायचे, आणि पाडव्याला सगळी आळी फिरून कुणाचा कसा झाला त्यावर तोंडसुख घ्यायची. भाऊकाकाच्या कंदिलाला मात्र कुणी नाव ठेवलं नाही. तो कळकाच्या काठ्या तासायचा, सगळ्या एका मापाच्या. चार काठ्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन. एक वर आडवा, एक खाली आडवा आणि चार बाजूंना चार, कोपऱ्यावर उभे केलेले. मग प्रत्येक चौकोनाचा कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला दोऱ्याने बांधायचा. चौकोनांना रंगीत कागद. चौकोनांच्या मधे ज्या तीन कोनी फटी राहतात त्या मात्र तो उघड्याच ठेवायचा. देशावर त्यांनाही कागद लावतात हे मला फार पुढे कळलं. आमच्या दर्यावरचा वारा असा की सगळीकडून बंद कंदील पहिल्याच संध्याकाळी फाटायचा. "वाऱ्याक वाट होयी," भाऊकाका म्हणायचा. आत काचेचा छोटा दिवा असायचा, त्याच फटीतून हात घालून तो पेटवायचा. आम्ही त्या फटींना वाऱ्याच्या वाटाच म्हणायचो.

मी बारा वर्षांची झाले त्या वर्षी वैशाखात भाऊकाका तापाने गेला. चार दिवसांचा ताप. बाबा समुद्रात होते. आते रडली नाही. तेराव्यानंतर ती पुन्हा ओट्यावर बसली आणि सुंभ वळायला लागली, आणि भाऊ हे नाव तिने तोंडातून काढणं बंद केलं. आमच्यापैकी कुणी काढलं तर उठून आत जायची. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही. चुलीवर कढई चढत नाही, दारात कंदील लागत नाही, फराळ शेजारीपाजारी आणून देतात. ते पाळायचं की नाही हा प्रश्नच नव्हता, पाळणारच. पण आते सण नसलेल्या दिवशीही जणू काही पाळत होती. आई एकदा मला हळूच म्हणाली, "ती रडली तर बरी व्हयत गो." पण तिला रडवणार कोण?

त्यातच गणपती झाल्यावर मुंबईहून निरोप आला. माझा चुलतभाऊ वसंतदादा तिकडे नोकरीला होता. आईबापाविना पोर, तोही आतेच्याच हातचा. त्याची बायको बाळंत झाली होती, अंगात ताप मुरलेला, मूल किरकिरं, आणि हा दिवसभर कामावर. घरात बघायला कुणी नाही. गावाहून कुणीतरी पाठवा, असा तो निरोप. कुणीतरी म्हणजे कोण, यावर घरात चर्चाही झाली नाही. आईला गाय, भात आणि घर सोडता येत नव्हतं. मी बारा वर्षांची, सातवीत. "दिवाळी झाली की सुमती जायत," आते म्हणाली, आणि विषय संपला. आमच्या आळीतल्या कितीतरी मुली अशाच मुंबईला पोरं सांभाळायला गेल्या होत्या. मग तिकडेच कुठेतरी लग्न व्हायचं. पुस्तक पुन्हा हातात घेतलेली एकही मला माहीत नव्हती. मला शाळा आवडायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आवडनिवड सांगायची पद्धत नव्हती. पण अंगणातला केर काढताना मला रडू यायचं आणि मी धूळ गेली म्हणून डोळे पुसायची.

शाळा आवडायची ती आमच्या गुरुजींमुळे. गुरुजी घाटावरचे, जेमतेम पंचवीस वर्षांचे. समुद्र त्यांनी आमच्या गावातच पहिल्यांदा पाहिला. ज्वारीच्या भाकरीशिवाय त्यांचं पोट भरायचं नाही आणि आमच्याकडे ज्वारी नाही, म्हणून पहिल्या वर्षी अगदी खंगले होते. पोरं त्यांच्या बोलण्याची नक्कल करायची. पण त्यांची एक गोष्ट अशी, की एखादी गोष्ट त्यांना येत नसेल तर ते तसं सांगायचे. फळ्यासमोर उभे राहून, खडू हातात धरून, 'हे मला माहीत नाही' असं म्हणणारा मास्तर मी त्याआधी पाहिला नव्हता. पुढे तीस-बत्तीस वर्षं मी स्वतः गणित शिकवलं, आणि ते वाक्य म्हणायला किती धैर्य लागतं ते मला ठाऊक आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी आम्हाला घनाकृती शिकवल्या. जिथे कडा मिळतात तो शिरोबिंदू, जिथे दोन पृष्ठं मिळतात ती कडा, आणि बाजूला दिसतो तो सपाट भाग म्हणजे पृष्ठ. मग म्हणाले, एक गंमत सांगतो. कुठलीही अशी सरळ कडांची, भरीव, बंद आकृती घ्या. शिरोबिंदू आणि पृष्ठं यांची बेरीज करा. ती कडांपेक्षा नेहमी दोनने जास्त येते. आगपेटी घेतली: कोपरे आठ, पृष्ठं सहा, झाले चौदा, कडा बारा. बरोबर दोन जास्त. आमचा विश्वास बसेना. त्यांनी खडूचा डबा, फडताळ, कौलारू घराचं चित्र, सगळं मोजून दाखवलं. "शनिवारी प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची," ते म्हणाले. "बघू नियम कुठे मोडतो का." मी ठरवलं की भाऊकाकाचा कंदील न्यायचा. माझी शाळेतली ती शेवटची वस्तू असणार होती, तेव्हा ती सगळ्यांत अवघड असावी अशी माझी इच्छा होती. भाऊकाकाच्या हाताखाली बसून बसून मला तो बांधता यायला लागला होता.

घरी विचारलं तेव्हा आतेचा हात मांडीवरच थांबला. "ह्या वर्षी आमच्या घराक कंदील नाय. इचारू नको."

"कंदील नाय गो आते. शाळेचा काम आसा. लावूचो नाय, मोजूचो आसा."

"मोजूचो? कंदील काय भात आसा मोजूक?"

आई चुलीपाशी भाकरी थापल्यासारखं करत नुसतीच बसली होती. आते खूप वेळ सुंभाकडे बघत राहिली, आणि मग तिने जो निवाडा दिला तो एखाद्या भटजीलाही सुचला नसता. "कागद लावू नको," ती म्हणाली. "शेपटी नाय, दिवो नाय. कागद नाय तर तो कंदील न्हय, नुसत्यो काठ्यो. माळ्यार तासलेल्यो आसत, त्यो घे." कुणी तासलेल्या ते तिने सांगितलं नाही. मी माळ्यावर चढले. सुंभाने बांधलेली जुडी होती, गेल्या दिवाळीतल्या उरलेल्या काठ्या. तिने त्या जपल्या होत्या हे मला तेव्हा कळलं. दोन संध्याकाळी बसून मी सांगाडा बांधला. आते समोर असायची, बघायची नाही. पण एका गाठीला दोरा सैल राहिला तेव्हा तिने न बोलता माझ्या हातातून घेऊन ओढून दिला.

शनिवारी माझा नंबर आला. मी सांगाडा टेबलावर ठेवला आणि धडाधड सांगितलं: कोपरे बारा, काठ्या चोवीस, बाजू सहा. गुरुजींनी फळ्यावर मांडलं. बारा आणि सहा, अठरा. चोवीस आणि दोन, सव्वीस. "पुन्हा मोज," गुरुजी म्हणाले. पुन्हा मोजलं, तेच. त्यांनी स्वतः मोजलं, तेच. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, ह्या चेडवान नियम मोडल्यान," आणि एका पोरीने नियम मोडला म्हणून सगळे खो खो हसले. माझे कान तापले. वाटलं, शेवटच्या दिवशी ही शोभा करून घ्यायला कुणी सांगितलं होतं मला? गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फळ्यावरचे आकडे पुसलेही नाहीत. "एकतर नियम चुकतोय, नाहीतर आपण चुकतोय," ते म्हणाले. "मला आत्ता माहीत नाही. संध्याकाळी तुझ्या घरी येतो."

ते येणार होते हे मी आतेला सांगितलं नाही, कारण ते दुसऱ्याच कामासाठीही येणार अशी मला शंका होती. मी शाळा सोडणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं. उन्हं कलली तेव्हा ते खळ्यात, म्हणजे आमच्या अंगणात, येऊन उभे राहिले. आतेने सुंभ बाजूला ठेवलं, पदर सावरला. "येवा गुरुजी, बसा." आईने चहा ठेवला. गुरुजी ओट्याच्या कडेवर बसले, सांगाडा त्यांनी मागून घेतला आणि सरळ विचारलं, "बाई, हा पुरा बांधलाय ना? काही बांधायचं राहिलं तर नाही? हिशेबाने याला आठ बाजू कमी पडतात."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण आतेचा चेहरा मी बघत होते.

"आठ बाजू कमी?" आते म्हणाली. "गुरुजी, तुमी घाटावरचे. तुमच्याकडे कंदील कसो करतत माका ठावक नाय. पण माझ्या भावान अर्धवट काम कधी करूक नाय."

वैशाखानंतर पहिल्यांदा ती भावाबद्दल बोलली होती. आई चहाचा कप हातात घेऊन दारातच थबकली. गुरुजी गोंधळले, त्यांना घरातलं काय ठाऊक असणार? "तसं नाही बाई, चूक माझीही असेल," ते म्हणाले. पण आतेने सांगाडा त्यांच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला, आणि फिरवून फिरवून चौकोन मोजले. सहा. गाठी मोजल्या. बारा. एकेक काठी बोटाने चाचपली. सगळं जागच्या जागी. "काय्येक कमी नाय," ती म्हणाली आणि सांगाडा ठसक्यात माझ्या हातात दिला. "तुझो हिशेब चुकलो."

मी तो घेऊन खळ्यात उतरले. खरं म्हणजे मला तिथून पळायचं होतं. सांगाडा खाली ठेवला आणि डोळे पुसले. तेवढ्यात खाडीकडून वाऱ्याचा झोत आला आणि तो हलका सांगाडा गडगडत सुटला, सारवलेल्या खळ्यातून तुळशीपर्यंत. मी मागे धावले. तो वृंदावनाच्या अलीकडे थांबला होता, कशालाही न टेकता, अगदी स्थिर. उचलायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. तो चौकोनावर बसला नव्हता.

"आते," मी हाक मारली. "हंय ये. बघ तो कशार बसलो आसा."

"कशार बसतलो? जमनीर."

"न्हय गो. खंयच्या बाजूर बसलो आसा ता बघ."

ती आली. कमरेवर हात ठेवून वाकली. गुरुजीही आले. सांगाड्याच्या तीन काठ्या जमिनीला चिकटून होत्या, तीन गाठी जमिनीला टेकलेल्या.

"वाऱ्याच्या वाटेर," आते म्हणाली. मग जरा चिडून म्हणाली, "वाट म्हंजे भोक. भोकार कोण बसता?"

"पण बसलो आसा मां."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "मी कागद शोधत होतो," ते म्हणाले. "जिथे कागद लागतो तेवढ्यालाच बाजू धरत होतो. अहो, तीन कडांनी कोंडलेली सपाट जागा आहे ती. कागद असो नसो, ते पृष्ठच." आणि ते एकदम खळ्यात मांडी घालून बसले, विजारीला शेणाचा रंग लागेल याचा विचार न करता. मग मोजणी सुरू झाली, आणि लगेच घोटाळा झाला, कारण सांगाडा फिरवला की कुठली वाट मोजली आणि कुठली नाही ते कळेना. गुरुजींचे नऊ आले, माझे सात. आते ओट्यावर गेली, काथ्याची चिमूट घेऊन आली. "मोजलेल्या वाटेक धागो बांध," ती म्हणाली. "नायतर एकच दोनदा मोजशीत." मी वाट दाखवायची, ती धागा बांधायची. चार वरच्या अंगाला, चार खालच्या. आठ धागे झाले आणि बांधायला वाट उरली नाही. सहा आणि आठ, चौदा. चौदा आणि बारा, सव्वीस. गुरुजी मोठ्याने हसले. नियमही बरोबर होता, कंदीलही बरोबर होता.

आते हसली नाही. ती सांगाडा हातात घेऊन वृंदावनाच्या पायरीवर बसली. "चवदा," ती म्हणाली. आणि मग, "ह्या भाऊक ठावक नव्हता." तिने एक धागा बोटाने सरळ केला. "इतकी वर्षां तो कंदील बांधी. तेका ह्या सांगूक होया होता." आणि ती रडली. गुरुजींसमोर, पदर तोंडाला न लावता, लहान पोरासारखी हुंदके देत रडली. आई धावत आली आणि तिच्या शेजारी बसली, आणि त्या दोघी नणंद-भावजया, ज्यांना मी कधी एका पाटावर बसलेलं पाहिलं नव्हतं, एकमेकींना धरून रडत राहिल्या. गुरुजी माडाकडे बघत उभे राहिले. मीही रडले, पण मला त्यात आनंदही होत होता, आणि त्या वयात मला त्याची लाज वाटली. आता वाटत नाही.

चहा निवला होता, आईने पुन्हा केला. तो पिऊन झाल्यावर गुरुजींनी विषय काढला. "बाई, हिला सातवीच्या फायनलला बसू द्या. पुढे मालवणला हायस्कुलात जाऊ द्या. ही गणित करील."

आतेने नाक पुसलं. आवाज पुन्हा तिचा झाला होता. "आणि मुंबैक बाळंतीण पडली आसा, तिका कोण बघतला? तुमचा गणित?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, बाई," ते म्हणाले. दुसरा कुणी असता तर शिक्षणाचं महत्त्व सांगत बसला असता. त्यांनी चपला घातल्या, नमस्कार केला. ते फाटकाशी पोचले असतील, तेव्हा आते सुंभ हातात घेत स्वतःशीच म्हणाली, "बघू."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं.

दिवाळी आली. आमच्या दारात अंधार, पण शेजारणींनी केळीच्या पानांतून गूळपोहे, दहीपोहे, दडपे पोहे इतके आणून दिले की गाईनेही खाल्ले. आतेने मुंबईचं नाव काढलं नाही आणि मी विचारलं नाही. माझं बोचकं मात्र आईने बांधून ठेवलं: दोन परकर, दोन पोलकी, वसंतदादासाठी कुळथाचं पीठ आणि कोकमाची सोलं. आगबोट ज्या सकाळी येणार त्याच सकाळी शाळाही उघडणार होती. मी पेज प्यायला बसले. तेवढ्यात आतेने बोचकं पुढे ओढलं, गाठ सोडली, माझे कपडे काढून माझ्या मांडीवर ठेवले, आणि त्या जागी स्वतःची दोन लुगडी ठेवून पुन्हा गाठ मारली. आई आ वासून बघत राहिली.

"काय बघतंस?" आते म्हणाली. "वसंताक मी वाढवलंय. तेच्या पोराक वाढवूक माका येवचा नाय काय? गाय सांभाळ. आणि ह्या चेडवाक कामाक लावू नको, तिचा डोक्या चलता."

तांडेलाची बहीण असून तिला पाण्याची भयंकर भीती होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. खाडीपलीकडे जायचं तर ती होडी सोडून दोन कोस चालून पुलावरून जायची. मुंबई तर राहोच, तिने कुडाळही पाहिलं नव्हतं. आणि आता बंदरावरून पडावात बसायचं, पडाव हलत डुलत दूर उभ्या आगबोटीपर्यंत न्यायचा, आणि तिथून दिवसरात्रीचा प्रवास. आई म्हणाली, "वन्स, तुमका जमाचा नाय." आते म्हणाली, "माका ठावक आसा." आणि निघाली.

बंदरावर तिला पडावात चढवायला तीन माणसं लागली. ती मधोमध बसली, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून, डोळे गच्च मिटून. ओठ हलत होते. रवळनाथाचं नाव घेत असणार. मी पाण्यात गुडघाभर उतरून पडावाची कड धरली. मला तिला खूप काही सांगायचं होतं. तिच्यामुळे मी पुढे शिकले, पोटापाण्याला लागले, शेकडो मुलींना मोजायला शिकवलं. हे तेव्हा कुठे माहीत होतं? पण काहीतरी फार मोठं माझ्या पदरात पडतंय एवढं कळत होतं, आणि ते देणारीला मी साधं 'आते' म्हणूनही हाक मारू शकले नाही. खलाशाने काठी रोवली. पडाव सुटला. माझा हात कडेवरून निसटला तसं तिला कळलं असावं, कारण डोळे न उघडताच ती ओरडली, "हंय काय करतंस? शाळेचो टायम झालो."

मी ओला परकर घेऊन तशीच धावत गेले. प्रार्थना होऊन गेली होती, गुरुजी हजेरी घेत होते. मला दारात बघून त्यांनी हातानेच आत बोलावलं. मी जागेवर जाऊन बसले. माझं नाव आलं, तेव्हा माझे कान आगबोटीच्या भोंग्याकडे लागले होते. गुरुजी वाट बघत राहिले, पुढचं नाव त्यांनी घेतलं नाही. शेवटी मी उभी राहिले आणि म्हटलं, "हजर."